शेवटची कुस्ती आणि शेवटची गाडी

जत्रेतल्या कुस्त्यांचा फड भरणार की नाही, हे धाराशिव, म्हणजे जुन्या उस्मानाबाद, जिल्ह्यातल्या आमच्या सास्तूरकडं पूर्वी एसटीच्या टपावर नजर टाकली की कळायचं. दुपारच्या गाडीच्या टपावर गाठोड्यांच्या जोडीनं चार-दोन पटकेवाले बसलेले दिसले, मागच्या शिडीला पोरं लोंबकळत आली, की पारावरची माणसं म्हणायची, "आज मैदान दांडगं होतंय." आता गर्दीचा अंदाज घ्यायचा तर मैदानाशेजारच्या रानात लागलेल्या मोटारसायकली बघाव्या लागतात. त्याही काही कमी नसतात. फडाला माणूस येईनासा झाला, असं मी म्हणणार नाही. पण कोण येतो, किती लांबून येतो आणि शेवटच्या कुस्तीपर्यंत कोण बसून राहतो, हे सगळं त्याला घरी नेणाऱ्या गाडीवर ठरतं. इतकी वर्षं मैदानाच्या कडेला बसून मला पटलेली गोष्ट ती हीच.

आमचा मुलूख निजामाचा. एसटी यायच्या आधीही इथं सरकारी मोटार होती. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ साली २७ गाड्या घेऊन रस्त्यावरची प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या गाड्यांच्या नंबरात 'झेड' असायचा आणि तो निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या नावावरून आला, असं जुनी माणसं सांगत. पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी सुटली, तेव्हा आम्ही अजून हैदराबाद संस्थानात होतो. मराठवाडा मुक्त झाला त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. मुंबई राज्यात आलो १९५६ साली आणि पुढं १९६१ साली मराठवाड्याची बससेवा राज्याच्या एसटी महामंडळात आली. खेड्यापाड्यात लाल गाडी रुळायला आणखी काही वर्षं गेली. तोवर फडाला जायचं म्हणजे आदल्या रात्री बैलगाडी जुंपायची, भाकरी-ठेचा बांधून घ्यायचा आणि चांदण्यात निघायचं. माझे आजोबा असेच जायचे. दोन दिवस शेतीचं काम बुडायचं, म्हणून वर्षातून एखादाच फड बघायला मिळायचा. वडिलांच्या पिढीला मात्र एकाच हंगामात चार-पाच गावच्या जत्रा करता आल्या. कुस्तीचा शौक वडिलांना आजोबांपेक्षा जास्त होता असं काही नव्हतं. दोघांच्या मधल्या काळात एसटी आली होती, एवढाच फरक.

जत्रेच्या आठ-दहा दिवस आधी हँडबिलं निघायची. पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर मोठ्या अक्षरात 'कुस्त्यांचे जंगी मैदान', खाली पैलवानांच्या जोड्या आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात बाहेरगावच्या मंडळींच्या जेवणाची सोय. ही हँडबिलं पोचवायची कशी? गठ्ठा कंडक्टरच्या हाती द्यायचा. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. "मास्तर, एवढं उमरग्यापर्यंत वाटा," म्हटलं की मास्तर तिकिटाच्या ट्रेखाली गठ्ठा धरायचे आणि थांब्याथांब्यावर दोन-चार कागद खिडकीतून द्यायचे. लोहाऱ्याच्या हॉटेलात, माकणीच्या पाराजवळ, उमरग्याच्या स्टँडवरच्या खांबावर ते चिकटायचे. जाहिरातही गाडीतून जायची आणि माणसंही गाडीतूनच यायची.

फडाची जागा म्हणजे गावालगतचं एखादं मोकळं रान. नांगरून, ढेकळं फोडून, खडे वेचून गोल भुसभुशीत केलेलं. दुपारी हलगी कडाडली की पोरं पहिल्या रांगेत मांडी घालून बसायची, त्यांच्या मागं उकिडवे बसलेले, त्यांच्या मागं उभे. त्याच्याही मागं सोडलेल्या बैलगाड्या, त्यांच्या जुवांवर आणि साट्यांवर चढलेली माणसं. कडेच्या लिंबाच्या झाडावर तर पानं कमी आणि माणसं जास्त. आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या. नारळ मिळालेला पोरगा तो छातीशी धरून थेट आजोबांकडं पळायचा. मग पाच रुपयांची, अकराची, एकवीसाची. पंच दोन पोरांची अंगकाठी बघून हातात हात द्यायचे, माती उचलून कपाळाला लावली जायची आणि जोड लागायची. मोठ्या कुस्त्यांना ऊन कललेलं असायचं. शेवटची कुस्ती दिवस मावळायला आल्यावर.

खरी कसोटी तिथं होती. दिवस मावळला की लांबच्या माणसाचं चित्त फडात राहत नाही. गाडी चुकली तर रात्र कुठं काढायची? घरी धार काढायची आहे, म्हातारी वाट बघत असेल. एकेक जण मागच्या मागं उठायला लागतो, कडं पातळ होतं. आणि कडं पातळ झालं की पैलवानालाही कळतं. म्हणून त्या काळचे जाणते पंच एक काम न चुकता करायचे. जत्रेच्या आधी आगारात जाऊन जादा गाडी मागून आणायचे आणि ऐन मोठ्या कुस्तीच्या वेळी भोंग्यावरून सांगायचे, "उमरग्याकडची गाडी उभी आहे. मंडळींनी काळजी करू नये. शेवटची कुस्ती सुटल्याशिवाय गाडी हलणार नाही." मी ते शब्द लहानपणी किती वेळा ऐकले असतील! ते ऐकल्याबरोबर उठू लागलेली माणसं परत खाली बसायची. धोतर सावरत, "बसा हो, बसा, गाडी हाय," असं शेजाऱ्याला सांगत बसायची. ड्रायव्हर आणि मास्तरही कड्यातच असायचे. खाकी टोपी मांडीवर ठेवून डाव बघणारा ड्रायव्हर सगळ्यांना दिसत असला, की गाडी चुकायची भीतीच उरायची नाही.

परतीची गाडी म्हणजे फडाचा पुढचा भाग. पाठ टेकली होती की नव्हती, पंचांनी घाई केली की नाही, यावर पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत वाद. एकदा अशाच गाडीत माझ्या शेजारी हरलेला पैलवान बसला होता. अंग धुतलेलं, पण कानाच्या पाळीमागं अजून माती. कोपर सोललेलं, त्यावर कुणीतरी हळद दाबलेली. सगळी गाडी त्याच्याच कुस्तीवर बोलत होती आणि तो खिडकीबाहेर बघत होता. मास्तर तिकीट काढत आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पैलवान, पट चांगला काढला होता. पुढच्या वर्षी बघू." तो हसला. बघणारा आणि खेळणारा एकाच गाडीनं यायचे आणि एकाच गाडीनं जायचे. त्यामुळं पैलवान लोकांना आपला वाटायचा, आणि त्याच्या पुढच्या कुस्तीला ती माणसं हमखास यायची. प्रेक्षक असे तयार होत होते.

या भागाला कुस्तीचं वेड लागण्याला एक मोठं नावही कारणीभूत होतं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. आज रामलिंग मुदगड लातूर जिल्ह्यात आहे. पण लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली, त्यामुळं बिराजदारांचं पदक आलं तेव्हा ते गाव आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्याचं होतं. त्यांचं नाव हँडबिलावर दिसलं की गाड्यांना जागा पुरायची नाही, असं वडील सांगायचे.

जिल्हा तुटल्याची नोंद मी मुद्दाम केली. तेरणेपलीकडची किल्लारी लातूरकडं गेली, सास्तूर उस्मानाबादकडं राहिलं. माणसांची सोयरीक, बाजार, जत्रा नदीच्या दोन्ही बाजूंना तशाच चालू राहिल्या. पण गाड्यांची आखणी जिल्ह्याच्या विभागाप्रमाणं होते, आगारं आपापल्या मुख्यालयाकडं तोंड करून गाड्या सोडतात. सीमेवरच्या गावांचं नेहमीच असं होतं. तालुक्याला जायला गाडी मिळते, जिल्ह्याला मिळते, पण पाच कोसांवरच्या शेजारच्या जत्रेला जायला सरळ गाडी नसते. खेळाचे शौकीन काही तालुक्याची हद्द बघून मैदानाला जात नाहीत.

मग १९९३ आलं. अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आणि सास्तूर ही दोन नावं त्या सकाळी सगळ्या देशाला माहीत झाली. सरकारी आकड्याप्रमाणं सात हजारांहून जास्त माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली घरंच्या घरं गेली. त्यात पैलवान होते, वस्ताद होते, हलगी वाजवणारे होते, नारळावरच्या कुस्तीत नाव काढलेली पोरं होती. त्यानंतर कित्येक दिवस या भागात हलगी वाजली नाही. आम्हाला ती ऐकवलीही नसती.

गाव नव्या जागेवर वसलं. ५२ गावं अशी पूर्णपणे नव्यानं उभी राहिली. रुंद रस्ते, आखीव ओळी, घरांमध्ये मोकळी जागा, भूकंपात तग धरतील अशी घरं. त्या कामाला देशभरातून, जगभरातून हात लागले, त्यांचं ऋण आम्ही विसरणार नाही. पण जुन्या गावात सगळं एका हाकेच्या अंतरावर होतं. पार, वेस, तालीम, देऊळ, गाडी थांबायची जागा. वेशीत गाडी आली की तिच्या आवाजावर घरातली माणसं बाहेर यायची. नव्या आखणीत गाव पसरलं. म्हाताऱ्या माणसाला घरापासून थांब्यापर्यंत जाणंच एक चाल झाली. पूर्वी गाडी गावात यायची, आता माणूस गाडीपर्यंत जातो. फडाला जायचं ठरवताना पाय अडखळतो तो या पहिल्याच टप्प्यावर.

त्याच काळात काळी-पिवळी जीप आली. ती आली म्हणून तिला नावं ठेवणं बरोबर नाही. एसटी नव्हती त्या वेळी तिनंच माणसं पोचवली, बाळंतिणी पोचवल्या. पण काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही आणि अंधार पडला की चालकाच्या मर्जीवर. शेवटची कुस्ती सुटल्याशिवाय हलणार नाही, असा शब्द तिच्याकडून मिळत नाही. त्यानंतर हप्त्यावर मोटारसायकल आली. आता प्रत्येक घरी एक, काही घरी दोन. तरण्या पोरांचा प्रश्न मिटला. पाहिजे तेव्हा निघायचं, पाहिजे तेव्हा परतायचं.

फडानंही मग आपली वेळ बदलली. आता कुस्त्या फ्लडलाइटखाली होतात. मॅट असते, नाहीतर कुठून तरी आणलेली लाल माती. शेवटच्या कुस्तीचं इनाम लाखांत. पैलवान चारचाकीतून येतो, कुस्ती करतो आणि त्याच गाडीतून पुढच्या मैदानाला जातो. मोबाइलवर थेट प्रक्षेपण चालू असतं. रात्रीचे दहा वाजतात, अकरा वाजतात. मोटारसायकलवाल्या पोरांना त्याचं काही नाही. पण त्या कड्यात मी साठी उलटलेली माणसं शोधतो, ती फार थोडी दिसतात. ज्यांनी बिराजदारांच्या कुस्त्या बघितल्या, ज्यांना डाव कळतो, पट कुठला आणि कलाजंग कुठला हे पोराला सांगता येतं, ती माणसं घरी आहेत. त्यांना कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून रात्री अकराला खड्ड्यातून परत यायचं नाही, आणि घरचेही पाठवत नाहीत. बरोबरच आहे. रात्री फडावरून परतताना घसरलेल्या मोटारसायकलींच्या बातम्या आपण सगळे वाचतो.

एसटीचीही मधली वर्षं कठीण गेली. कोरोना, मग २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेला संप. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या, त्यांच्या घरांनी काय सोसलं हे खेड्यानं जवळून पाहिलं. गाड्या परत सुरू झाल्या, पण आडवळणाच्या फेऱ्या, मुक्कामी गाड्या, दिवस मावळल्यानंतरच्या फेऱ्या सगळ्या परत आल्या नाहीत. गाड्यांचा ताफा आधीच घटला होता. दुसरीकडं सवलती आल्या. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. या दोन सवलतींनी काय झालं ते कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर सकाळी उभं राहून बघा. ज्या बायका वर्षातून दोनदा माहेरी जायच्या त्या आता बाजाराला, दवाखान्याला, देवाला स्वतःच्या मनानं जातात. म्हातारे पाहुण्यांकडं जाऊन येतात. सवलत खिशाचा प्रश्न सोडवते हे सिद्ध झालं. मैदानाच्या बाबतीत खिशाचा प्रश्न कधी नव्हताच, फड फुकट बघायला मिळतो. प्रश्न परतीचा आहे. अर्धं तिकीट हातात आहे, पण रात्री नऊला ते तिकीट फाडणारी गाडी नाही.

बायकांचं मी वेगळं लिहितो, कारण फडात सगळ्यात मोठा बदल त्यांच्यामुळं होऊ घातला आहे. आमच्या लहानपणी बाया फड बघायच्या त्या लांबून, माळवदावर उभं राहून, पदर तोंडाशी धरून. कड्यात बाई बसलेली मला आठवत नाही. आज जत्रांमध्ये मुलींच्या कुस्त्या लागतात आणि त्यांना टाळ्या पडतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. मुलगी कुस्ती करणार असेल तर तिची आई, मावशी, आत्या बघायला येणार. त्यांना येता येईल का?

आणि कुस्तीच्याही पुढं एक खेळ आहे ज्यात आमच्या जिल्ह्यानं देशाला नाव दिलं, तो म्हणजे खो-खो. सारिका काळे उस्मानाबादची. तिच्या कप्तानीत भारतानं २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुली आणि मुलं दोघंही जिंकली, आणि मुलींच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. ज्या जिल्ह्याला वर्षानुवर्षं मागास म्हटलं गेलं, दुष्काळी म्हटलं गेलं, त्या जिल्ह्याच्या मुली जगात पहिल्या येतात. पण खेड्यातल्या किती बायांनी खो-खोचा चुरशीचा सामना मैदानाशेजारी बसून बघितला आहे? सामने संध्याकाळी रंगतात, आणि खेड्यात जाणारी गाडी त्याच वेळी निघते. मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मराठवाड्यातल्या मागास तालुक्यांत धावतात. त्या गाड्यांनी हजारो मुलींचं शिक्षण टिकवलं, याबद्दल शंका नको. पण त्या शाळेच्या घंटेला बांधलेल्या आहेत. शाळा सुटली की गाडी सुटते. सराव असतो शाळा सुटल्यावर. खेळात हात चांगला असलेली, पण गावाबाहेरून येणारी मुलगी आधी सरावाला मुकते, मग संघाला, आणि शेवटी बघण्यालाही. हे आपल्याला परवडणारं नाही. सारिकाच्या मागं आणखी पन्नास मुली उभ्या राहायच्या असतील तर सराव संपल्यावर निघणारी एक गाडी लागेल.

सास्तूरला दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे. त्या मुलांनाही खेळ आवडतो, इतर मुलांना आवडतो तितकाच. एसटीची उंच पायरी बघितली की वाटतं, बसथांबा आणि मैदान आखणाऱ्यानं एकदा या मुलांबरोबर फडापर्यंत चालून बघावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरीची ६५वी स्पर्धा भरली. शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. जिल्ह्याच्या गावी गदा आली ही अभिमानाची गोष्ट. पण सास्तूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. अंतिम कुस्ती बघून त्याच रात्री परत यायचं तर स्वतःची चारचाकी हवी, नाहीतर पाहुण्याकडं मुक्काम. आजोबांच्या वेळी बैलगाडीनं जाऊन यायला दोन दिवस लागायचे. इतक्या वर्षांनी, डांबरी रस्ता असताना, ज्याच्याकडं गाडी नाही त्याला परत दोनच दिवस लागतात.

लोक म्हणतात, टीव्ही आला, मोबाइल आला, क्रिकेट आलं, पोरं पुण्याला गेली, म्हणून मैदानं ओस पडली. यात तथ्य आहे. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आणि दुकानांत आहेत. गाडी सुरू केली म्हणून ती परत येणार नाहीत. पैलवानाच्या खुराकाचा खर्चही गाडीनं कमी होत नाही. पण फुटबॉलचं उदाहरण बघितलं की प्रेक्षक आणि वाहतूक यांचं नातं लख्ख दिसतं, म्हणून ते सांगतो.

आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा हैदराबाद हे देशाच्या फुटबॉलचं मोठं केंद्र होतं. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. पुढं त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत गेला. राजधानीत एवढं फुटबॉल असताना आमच्या खेड्यात ते का आलं नाही? बाकी कारणं असतील, पण एक सरळ आहे. आमच्या गावच्या माणसाला हैदराबादचा सामना बघून परत यायची सोय नव्हती. जो खेळ डोळ्यांनी बघितला नाही तो पोरं खेळणार कुठून? मुंबईत मात्र रोव्हर्स कपला कूपरेज मैदान भरायचं. चर्चगेट स्टेशनातून चालत मैदानावर जाता येतं आणि रात्री उशिरापर्यंत लोकल आहे. गिरणीतली पाळी संपवून माणूस सामना बघू शकत होता.

कोल्हापूर तर याहून बोलकं. तिथं फुटबॉलचे संघच तालमींच्या नावाचे आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियम गावाच्या मध्यात आहे. पेठेतून माणूस घरच्या चपला घालून निघतो आणि दहा-पंधरा मिनिटांत गॅलरीत असतो. सामना बरोबरीत सुटून टायब्रेकरला गेला तरी कुणाला गाडीची चिंता नाही. महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं स्थानिक फुटबॉलला अशी गर्दी होत नाही. त्यामागं पेठापेठांतली ईर्षा आहे, शाहू महाराजांनी घालून दिलेली खेळाची शिस्त आहे, पण मैदान घरापासून चालण्याच्या अंतरावर आहे हेही आहे.

जिथं ते चालण्याच्या अंतरावर नाही, तिथं शहाण्या शहरांनी गाडी मैदानापर्यंत नेली. कोचीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळ २०१७ च्या ऑक्टोबरात मेट्रो पोचली आणि केरला ब्लास्टर्सच्या सामन्यांच्या रात्री ती जादा वेळ चालवली जाते. कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंत २०२० च्या फेब्रुवारीत मेट्रो गेली. जर्मनीत बहुतेक मोठ्या क्लबांच्या सामन्याच्या तिकिटावरच त्या दिवशी शहरातल्या बस-ट्रामचा प्रवास करता येतो. तिथली मैदानं भरतात त्यात या सोयीचा वाटा आहे, आणि म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया तिथं दिसतात त्यात तर मोठाच. आपल्या एसटीलाही खेळाचं हे नातं परकं नाही. आपण ज्या गाडीला वर्षानुवर्षं 'एशियाड' म्हणत आलो, तिचं नावच १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांवरून पडलेलं आहे.

आम्हाला मेट्रो नको. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चालू आहे, तीही लोहाऱ्याला येणार नाही. आम्हाला हवी ती जत्रेच्या आणि सामन्याच्या दिवशी उशिरा सुटणारी लाल गाडी. ती मिळवण्याचे रस्ते आजही आहेत. यात्रेसाठी जादा गाड्या सोडायची एसटीची रीत आहे. प्रासंगिक करारावर गाडी घेता येते. शेवटच्या कुस्तीचं इनाम लाखानं वाढवायला देणगीदार पुढं येतात, त्यांची नावं भोंग्यावरून पुकारली जातात. त्यातल्या एकानं इनामाऐवजी परतीच्या दोन गाड्यांचं भाडं दिलं, तर त्याचंही नाव पुकारा. तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक आणि आगाराचं वेळापत्रक एकाच टेबलावर ठेवून करा, म्हणजे खो-खो खेळणारी मुलगी अंतिम सामना अर्ध्यावर सोडून पळणार नाही.

येत्या हंगामात फड घेणाऱ्या सगळ्या जत्रा कमिट्यांना, ग्रामपंचायतींना आणि शाळांना माझी हात जोडून विनंती आहे. मैदानाची तारीख ठरली की महिनाभर आधी आगारात अर्ज द्या. नदीपलीकडच्या गावांनाही विचारा, दोन्ही जिल्ह्यांच्या आगारांत जा. आणि पैलवानांची नावं जाहीर करता तेवढ्याच मोठ्या अक्षरात परतीच्या गाडीची वेळ जाहीर करा.